ताठरत जाणारे हृदय : मेटाबोलिक सिंड्रोम आणि प्रयोगशाळेतले उंदीर

मेटाबोलिक सिंड्रोम म्हणजे पाच बिघाडांपैकी किमान तीन बिघाड एकाच शरीरात एकत्र असणे. पोटाचा वाढलेला घेर हा पहिला. रक्तदाब १३०/८५ किंवा त्याहून वर, उपाशीपोटी रक्तातली साखर १०० मिलिग्रॅम किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक आणि ‘चांगले’ समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या, स्त्रीत ५० च्या खाली, हे बाकीचे चार. भारतीयांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरली जाते. युरोपीय पुरुषांना ९४ पर्यंत सूट आहे. यातला एखादा आकडा सुटा पाहिला तर तो फारसा भीतिदायक वाटत नाही. साखर अजून मधुमेहाच्या हद्दीत गेलेली नसते आणि रक्तदाबाला गोळी लागेलच असेही नसते. पण तीन-चार आकडे एकदम सरकले, की हृदयविकाराचा धोका सुट्या बिघाडापेक्षा स्पष्टपणे वाढतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली या गटाला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले आणि त्याच्या मुळाशी इन्शुलिनला न जुमानणाऱ्या पेशी आहेत असे मांडले. त्यांच्या मूळ यादीत लठ्ठपणा नव्हता. अंगाने सडपातळ असलेल्या माणसांतही हा बिघाड त्यांना दिसत होता. पुढच्या व्याख्यांनी पोटाचा घेर यादीत आणून बसवला. मराठी मुलखातल्या बारीक अंगाच्या, पण साखर आणि रक्तदाब वाढलेल्या माणसाचा विचार करताना रीव्हन यांची पहिली यादी आठवावी लागते.

माणसात या आजाराचा हृदयावरचा परिणाम तपासणे अवघड आहे. बिघाड साचायला वीस-तीस वर्षे लागतात, तेवढ्या काळात माणूस औषधे घेतो, तंबाखू खातो, काम बदलतो. त्यामुळे कशाचा परिणाम कोणता हे वेगळे काढता येत नाही. शिवाय धडधाकट माणसाच्या हृदयाचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. म्हणून प्राण्यांकडे जावे लागते. प्रयोगशाळेत दोन जातींचे उंदीर असतात. २५-३० ग्रॅमचा माऊस आणि २५०-३०० ग्रॅमचा रॅट. रॅटचे आयुष्य अडीच-तीन वर्षांचे, त्यामुळे माणसात दोन दशके घेणारा बदल चार महिन्यांत पाहता येतो. त्याचे हृदय साधारण एक ग्रॅमचे असते आणि मिनिटाला ३०० ते ४०० ठोके देते.

रॅटला हा आजार जडवण्याचा सर्वांत साधा मार्ग गोडाचा. रीव्हन यांच्याच गटाने १९८७ साली निरोगी रॅटना फ्रुक्टोज ही साखर मुख्य अन्न म्हणून दिली. दोन आठवड्यांत त्यांचा रक्तदाब चढला, रक्तातले इन्शुलिन आणि ट्रायग्लिसराइडही वाढले. फ्रुक्टोजचा बराचसा निकाल यकृतात लागतो. ग्लुकोजच्या वापरावर शरीराचे जे नियंत्रण असते, त्यातला एक महत्त्वाचा टप्पा फ्रुक्टोज चुकवून जाते. त्यामुळे जास्तीच्या साखरेची चरबी होते आणि यूरिक आम्लही वाढते. आज कित्येक प्रयोगशाळांत पिण्याच्या पाण्यात १० टक्के फ्रुक्टोज मिसळून किंवा खाद्यातली ६० टक्के ऊर्जा फ्रुक्टोजची ठेवून हा प्रयोग केला जातो.

जळगावसारख्या केळ्याच्या जिल्ह्यात हे वाचून कोणी केळ्यावर खापर फोडू नये. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात साधारण ५ ग्रॅम फ्रुक्टोज असते. रॅटला दिले जाणारे प्रमाण माणसाच्या २००० कॅलरींच्या आहाराला लावले, तर रोज ३०० ग्रॅम फ्रुक्टोज होते, म्हणजे साठेक केळी. इतकी केळी रावेर-यावलच्या बागेत राबणारा माणूसही खात नाही. केळ्यातली साखर तंतूंसोबत आणि पोटॅशियमसोबत येते, बाटलीतल्या शीतपेयातली एकटी येते. मधुमेह असलेल्याने केळे मोजून खावे हे खरे, पण फ्रुक्टोजच्या प्रयोगाचा खरा नातेवाईक शीतपेयाची बाटली आहे.

दुसरा मार्ग चरबीचा. माऊससाठी ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणारे तयार खाद्य मिळते. त्यात बहुतांशी डुकराची चरबी असते. भारतात अनेक ठिकाणी त्याऐवजी वनस्पती तूप आणि खोबरेल तेल यांचे मिश्रण रॅटला पाजतात, कारण ते स्वस्त आहे आणि किराणा दुकानात मिळते. तिसरा मार्ग दोन्हींचा, आणि तोच माणसाच्या ताटाला सर्वांत जवळचा. ऑस्ट्रेलियात लिंडसे ब्राऊन आणि सुनील पांचाळ यांनी २०११ साली मांडलेल्या खाद्यात गोड आटवलेले दूध ३९.५ टक्के, गाईची चरबी २० टक्के, फ्रुक्टोज १७.५ टक्के आणि वरून पाण्यात २५ टक्के फ्रुक्टोज असे मिश्रण आहे. सोळा आठवडे हे खाल्लेल्या विस्टार जातीच्या रॅटचे पोट सुटले, रक्तदाब चढला, साखर पचेनाशी झाली, यकृतात चरबी साचली आणि हृदयाचा डावा कप्पा जाड, तंतुमय व ताठर झाला. एकाच खाद्याने आजाराची जवळजवळ सगळी लक्षणे एकत्र आणणारा असा प्रयोग त्याआधी विरळा होता.

जन्मजात लठ्ठ उंदीर ही वेगळी शाखा. १९६१ साली झुकर दांपत्याने वर्णन केलेल्या रॅटच्या एका वंशात लेप्टिन ओळखणारा रेणूच बिघडलेला आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही, त्यामुळे तो खातच राहतो. जपानमध्ये क्योटोला १९६३ साली ओकामोतो आणि आओकी यांनी आपोआप रक्तदाब वाढणारा वंश तयार केला. पुढे या दोन्ही परंपरांच्या संकरातून लठ्ठपणा, मधुमेह आणि उच्च रक्तदाब एकाच अंगात असलेले उंदीर निघाले. संशोधकाला ते सोयीचे, कारण आजार हमखास येतो. पण लेप्टिनचा असा जन्मजात दोष माणसात अत्यंत दुर्मीळ आहे. सेंधव्याच्या वाटेवरच्या ढाब्यावर शेवभाजीसोबत तेलाची तर्री ओरपणाऱ्या माणसाचे लेप्टिन शाबूत असते, आणि तरीही त्याचे पोट सुटते. त्याचा आजार या उंदरावरून अर्धाच कळतो.

चौथा मार्ग औषधाचा आणि भारतात सर्वाधिक वापरातला. स्ट्रेप्टोझोटोसिन हे एका जिवाणूपासून मिळणारे रसायन स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींत शिरून त्या मारते. एकट्याने दिले तर पहिल्या प्रकारच्या मधुमेहासारखे चित्र उभे राहते. त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणता येत नाही. म्हणून मोहालीच्या ‘नायपर’ या औषधशास्त्र संस्थेतल्या श्रीनिवासन आणि रामाराव यांनी २००५ साली वेगळी जोड दिली. आधी चरबीयुक्त खाद्य देऊन इन्शुलिनला दाद न देणारे शरीर तयार करायचे, मग या रसायनाची छोटी मात्रा द्यायची. इन्शुलिनचा प्रतिकार आणि इन्शुलिनची टंचाई असे दोन्ही एकत्र आल्याने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची बरी नक्कल होते, खर्चही आवाक्यात राहतो. देशभरच्या फार्मसी महाविद्यालयांत ही पद्धत रुळली.

खान्देशातला या संशोधनाचा ठळक पत्ता शिरपूरचा आहे. धुळे जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या गावात आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेत मधुमेह आणि हृदय यांवर प्राण्यांतले प्रयोग गेली कित्येक वर्षे होत आले आहेत. तिथले समीर गोयल, चंद्रगौडा पाटील आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली स्ट्रेप्टोझोटोसिनच्या प्रयोगांतल्या अडचणींचा मोठा आढावा एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. मात्रा, उंदराचे वय, वंश, नर-मादी आणि औषध देण्याची रीत, यांतले काहीही बदलले की निकाल बदलतो, हा त्या चर्चेचा गाभा आहे. प्रयोग करणाऱ्यांनीच आपल्या हत्याराच्या खोडी मांडाव्यात हे आपल्याकडे तसे कमीच घडते, म्हणून या आढाव्याचे मोल अधिक.

याच संस्थेतून २०१८ साली आलेला एक अभ्यास थेट हृदयाचा आहे. मधुमेही रॅटच्या हृदयाचा रक्तपुरवठा काही वेळ रोखून पुन्हा सुरू केला जातो. हृदयविकाराचा झटका आणि त्यानंतर अँजिओप्लास्टीने मोकळी केलेली वाहिनी, याची ती प्रतिकृती असते. रक्त परत आले की स्नायू वाचतो, पण त्याच क्षणी नवी इजाही होते, आणि मधुमेही हृदय ती इजा नीट सोसू शकत नाही. एप्लेरेनोन हे अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवणारे औषध आधीपासून दिलेल्या रॅटमध्ये हे नुकसान कमी झाले. स्नायूपेशीला जगण्याचा निरोप देणारी एक रासायनिक साखळी औषधामुळे जागी राहिली, असे त्यात दिसले.

असे प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांखाली केंद्राची समिती प्रत्येक प्राणिगृहाची नोंदणी करते. प्रत्येक प्रयोग संस्थेच्या नैतिकता समितीपुढे जातो, किती उंदीर आणि का, याचा हिशेब द्यावा लागतो. प्राणिगृहाचे तापमान, दमटपणा आणि बारा तास उजेड-बारा तास अंधार हे चक्र सांभाळावे लागते. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा प्राणिगृहातली वातानुकूलन यंत्रणा चैन राहत नाही. ती बंद पडली तर महिनोन्महिन्यांचा प्रयोग वाया जातो.

गंमत अशी की २२ अंशांचे ‘आदर्श’ तापमानही निकालात ढवळाढवळ करते. माणसाला सुखद वाटणारी ही हवा माऊसला गार असते. त्याला सुमारे ३० अंश मानवतात. गारठ्यात अंग गरम ठेवायला तो भरपूर ऊर्जा जाळतो आणि हृदय मिनिटाला ५००-६०० ठोके देत राहते. त्याला ३० अंशांत ठेवले की ठोके बरेच खाली येतात आणि चरबीचे खाद्य यकृताला जास्त बाधते. म्हणजे थंड खोलीतला माऊस नकळत सतत व्यायाम करणाऱ्या माणसासारखा असतो, आणि त्याच्यावरून बैठ्या माणसाचा अंदाज बांधला जातो.

आता हृदयाच्या आत काय घडते ते पाहू. निरोगी हृदय आपली ६० ते ७० टक्के ऊर्जा मेदाम्लांतून घेते, उरलेली ग्लुकोज आणि लॅक्टेटमधून. प्रसंग पाहून इंधन बदलण्याची ही लवचीकता हीच त्याची ताकद. इन्शुलिनचा प्रतिकार सुरू झाला की ग्लुकोज पेशीत पुरेसे शिरत नाही आणि दुसरीकडे पोटावरच्या चरबीतून मेदाम्लांचा लोंढा रक्तात येतो. हृदय जवळजवळ सगळे काम मेदाम्लांवर रेटू लागते. मेदाम्ले जाळायला तेवढ्याच ऊर्जेसाठी अधिक प्राणवायू लागतो. काम तेवढेच, खर्च जास्त, अशी अवस्था होते. रक्तपुरवठा जरा कमी पडला तरी ती अंगावर येते.

मेदाम्ले जाळण्यापेक्षा जास्त आली तर उरलेली हृदयपेशीतच साचतात. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये रॉजर अंगर यांच्या गटाने २००० साली लठ्ठ मधुमेही रॅटमध्ये हे टप्प्याटप्प्याने दाखवले. आधी हृदयात चरबी साचली, मग सेरामाइड नावाचा विषारी मेद वाढला, मग पेशी आत्मनाशाच्या वाटेला लागल्या आणि शेवटी हृदय फुगून त्याचे आकुंचन मंदावले. या रॅटच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तुंबलेल्या नव्हत्या. हृदयविकार म्हणजे ‘ब्लॉकेज’ असे समीकरण डोक्यात पक्के असलेल्यांसाठी हा मोठा धक्का होता: वाहिन्या मोकळ्या असूनही स्नायूच आजारी पडू शकतो.

पेशीतली ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकाँड्रिया, या ओझ्याखाली प्राणवायूचे उपद्रवी रेणू बाहेर टाकू लागतात. त्याचा पहिला फटका कॅल्शियमला बसतो. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम बाहेर सुटते तेव्हा स्नायू आकसतो. ते परत कोठारात ओढले गेले की सैल होतो. हे परत ओढणारा प्रथिनाचा पंप मंदावला की स्नायू आकसतो ठीक, पण सैल व्हायला वेळ लावतो. त्यात साखर चिकटून कडक झालेले कोलॅजनचे धागे आणि अल्डोस्टेरॉन, अँजिओटेन्सिन या संप्रेरकांनी वाढवलेले तंतू यांची भर पडते. स्नायूपेशींना आतून ताण देणारे टायटिन नावाचे लांबलचक प्रथिनही ताठ होते. उन्हात वाळून कडक झालेली चामड्याची मोट जशी बैलांची ओढ शाबूत असूनही विहिरीतून पुरते पाणी उचलत नाही, तसे हे हृदय होते: ढकलण्याची ताकद टिकलेली, भरण्याची गेलेली.

वैद्यकात याला आकुंचनक्षमता टिकून असलेले हृदयाचे अपयश म्हणतात. हृदयाच्या अपयशाचे साधारण निम्मे रुग्ण या प्रकारचे असतात. सोनोग्राफीत हृदय रक्त नीट फेकते असा अहवाल येतो, आणि तरी जिना चढताना दम लागतो, पायावर सूज येते. या आजाराचा चांगला प्राणी-नमुना बराच काळ नव्हता. २०१९ साली डॅलसमध्येच जोसेफ हिल यांच्या गटाने माऊसला चरबीचे खाद्य आणि पाण्यातून रक्तदाब वाढवणारे एक रसायन असे दोन्ही एकदम दिले. एकट्या चरबीने किंवा एकट्या रक्तदाबाने पूर्ण आजार येत नव्हता. दोन्ही एकत्र येताच माऊसच्या फुप्फुसांत पाणी साचले, धावण्याची क्षमता घटली, हृदय ताठरले, मात्र आकुंचन टिकून राहिले. मेटाबोलिक सिंड्रोममधल्या सुट्या, किरकोळ वाटणाऱ्या बिघाडांची बेरीज साधी नसते हे या प्रयोगाइतके स्वच्छ क्वचितच कोणी दाखवले असेल.

हे सगळे मोजण्याची साधने जुनी-नवी मिसळून आहेत. रॅटच्या शेपटीला पट्टा लावून रक्तदाब घेतात. लहान प्राण्यांच्या सोनोग्राफीने कप्पा किती वेगाने सैल होतो ते कळते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ऑस्कर लँगेनडॉर्फ यांनी १८९५ साली काढलेली युक्ती आजही चालते: हृदय शरीराबाहेर काढून त्याच्या वाहिन्यांत उबदार, प्राणवायुयुक्त द्रव सोडला की ते एकटेच ठोके देत राहते, आणि रक्तदाब, मज्जातंतू, संप्रेरके यांची लुडबुड वगळून स्नायूचा स्वतःचा ताठरपणा मोजता येतो. शेवटी पातळ काप करून ते रंगवतात. एका रंगात स्नायू पिवळा आणि तंतू लालभडक दिसतात. लाल जितके जास्त तितके हृदय कडक.

उंदीर कुठे फसवतो हेही तितकेच महत्त्वाचे. माणसात कोलेस्टेरॉलची एका कणातून दुसऱ्यात अदलाबदल करणारे एक प्रथिन असते, ते रॅट आणि माऊस दोघांतही नाही. त्यांच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल ‘चांगल्या’ एचडीएलमध्ये राहते आणि कितीही तूप पाजले तरी हृदयाच्या वाहिन्यांत माणसासारखे थर सहजी साचत नाहीत. १९९२ साली एक जनुक काढून टाकलेला माऊस तयार झाल्यावरच असे थर उंदरात सर्रास पाहता येऊ लागले. त्यामुळे मेटाबोलिक सिंड्रोमच्या रॅटमध्ये दिसतो तो मुख्यतः स्नायूचा आजार; वाहिनी अचानक बंद पडून येणारा झटका त्यात आपोआप येत नाही, तो शस्त्रक्रियेने किंवा आयसोप्रोटेरेनॉलसारख्या औषधाने ओढूनताणून आणावा लागतो.

औषधांच्या बाबतीतही तेच. अंगर यांच्या रॅटमध्ये ट्रोग्लिटाझोन या औषधाने हृदयातली चरबी उतरली आणि कार्य वाचले. त्याच वर्षी, २००० मध्ये, यकृताच्या नुकसानीमुळे ते औषध अमेरिकेत बाजारातून काढावे लागले. त्याच कुळातली पुढची औषधे माणसाच्या अंगात पाणी धरून ठेवतात आणि हृदयाचे अपयश वाढवू शकतात, म्हणून २००७ पासून त्यांच्यावर ठळक इशारा छापला जातो. उलट, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधे हृदयाला लाभतात हे २०१५ साली आधी माणसांच्या मोठ्या चाचणीतच दिसले. उंदरांकडे संशोधक नंतर गेले, तेही हे का घडते हे शोधायला. २०२१ साली ताठर हृदयाच्या रुग्णांतही याच औषधाने इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण घटले.

माणसाच्या अधिक जवळ जाणारा प्राणी डुक्कर आहे. त्याच्या हृदयाचा आकार, ठोक्यांचा वेग आणि वाहिन्यांची मांडणी माणसासारखी असते. अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यालगत ओसाबॉ नावाचे बेट आहे. स्पॅनिश लोकांनी काही शतकांपूर्वी आणलेल्या डुकरांचे रानटी वंशज तिथे राहतात. वर्षाचा काही काळ बेटावर खायला फारसे मिळत नाही, त्यामुळे मिळेल तेव्हा चरबी साठवणारी डुकरेच पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्यांना गोठ्यात बांधून पोटभर तेलकट-गोड खायला घातले, की लठ्ठपणा, इन्शुलिनचा प्रतिकार, उच्च रक्तदाब आणि हृदयाच्या वाहिन्यांत थर, हे सगळे त्यांच्यात उतरते. एक डुक्कर पोसण्याचा खर्च पाहता भारतातल्या बहुतेक संस्थांना हा मार्ग परवडत नाही.

टंचाईत घडलेले शरीर आणि नंतर आलेली सुबत्ता, हे ओसाबॉच्या डुकराचे सूत्र खान्देशाला परके नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, सातपुड्याच्या पाड्यांवर अजूनही न सुटलेले कुपोषण, आणि दुसऱ्या बाजूला केळी-कापसाच्या पैशाने दोन पिढ्यांत बदललेले ताट. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा जाऊन पाव, बिस्किटे, तळण आले. शेतातले पायी चालणे मोटारसायकलने खाल्ले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अशा शरीराचे चित्र १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांच्या अभ्यासातून रेखाटले. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी, पण स्नायू जितके कमी तितकी चरबी कमी नव्हती. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

या ‘बारीक पण चरबीयुक्त’ शरीराचा उंदीर कोणता? डुकराच्या चरबीवर फुगवलेला माऊस नक्कीच नाही. २०१५ साली आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि पुणे-सिडनीतल्या सहकाऱ्यांनी ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये एक विलक्षण प्रयोग मांडला. त्यांच्याकडचे विस्टार रॅट ५० पिढ्या अर्धपोटी वाढलेले होते. माणसाच्या हिशेबाने ही हजार-बाराशे वर्षे होतात. हे रॅट जन्मतः हलके होते, पण त्यांच्या पोटात चरबी जास्त, इन्शुलिन जास्त, बी-१२ आणि फोलेट कमी होते. स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह होण्याची त्यांची शक्यता साध्या रॅटपेक्षा आठपट होती. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर चांगले खाद्य दिले, तरी हा बिघाड पुसला गेला नाही. जनुकांच्या आवरणावर उमटलेल्या खुणा टिकून राहिल्या.

त्या प्रयोगाचा रोख इन्शुलिनवर होता. हृदयाचा धागा इतर उंदरांनी पुरवला आहे. इंग्लंडमध्ये १९९४ साली गाभण रॅटना प्रथिने कमी दिली, तेव्हा त्यांच्या पिलांचा रक्तदाब मोठेपणी चढलेला निघाला. २००५ साली ऑस्ट्रेलियात अशाच पिलांच्या हृदयातल्या स्नायूपेशी मोजल्या गेल्या. जन्मतः त्या संख्येने कमी होत्या. हृदयाच्या स्नायूपेशी जन्मानंतर फारशा वाढत नाहीत, त्यामुळे कमी भांडवलावर सुरू झालेले हृदय पुढे रक्तदाब आणि साखरेच्या ओझ्याला उरलेल्या पेशी जाड करूनच तोंड देते. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली हर्टफर्डशायरच्या जुन्या नोंदींत हलक्या बाळांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले होते. कुपोषित आईचे रॅट, त्याला नंतर शेंगदाणा किंवा सरकीचे तेल आणि मैदा-साखर, असा प्रयोग खान्देशातल्या माणसाच्या जवळ जाईल. शेंगदाण्याच्या तेलातली मेदाम्ले डुकराच्या चरबीपेक्षा वेगळी असतात, म्हणून पाश्चात्त्य खाद्यावरचे निकाल इकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आपल्याकडच्या कामातल्या उणिवा उघड आहेत. बहुतेक प्रयोग तरुण नर रॅटवर होतात. माणसात ताठर हृदयाचा आजार मात्र उतारवयातल्या स्त्रियांत जास्त दिसतो. पाळी थांबलेल्या अवस्थेची नक्कल मादीची अंडाशये काढून करता येते, पण ती क्वचित केली जाते. मेथी, जांभूळ, गुळवेल यांच्या अर्काचे प्रयोग पुष्कळ. त्यांत अर्क बहुधा आजारासोबतच सुरू केला जातो, म्हणजे तो आजार टाळतो का एवढेच कळते, झालेला आजार उलटवतो का हे कळत नाही. दवाखान्यात येणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागतो.

उलटवण्याबद्दल उंदरांकडून जे कळले आहे ते असे. खाद्य साधे केले आणि चाकात पळायला लावले, की हृदयपेशीतली चरबी सर्वांत आधी उतरते. त्यानंतर कॅल्शियमचा पंप सुधारतो, सैल होण्याचा वेग वाढतो आणि रक्तदाब खाली येतो. जाड झालेल्या भिंती काही अंशी पातळ होतात. पेशींमधले कोलॅजन मात्र हट्टी असते. एकदा साखरेने जखडले गेले की ते थोडेच विरघळते. म्हणून गोड-तेलकट खाद्याच्या आठव्या आठवड्यात सावरलेला रॅट आणि सोळाव्यात सावरलेला रॅट वजनाने सारखे दिसू लागले, तरी रंगवलेल्या कापात त्यांच्या हृदयातले लाल सारखे असेलच असे नसते.